वळणावरचा सांधा

तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम चांगदेव येथें होतो. त्या संगमापासून जवळच मुक्ताईनगर आहे. एके काळीं त्याला एदलाबाद म्हणत. मुक्ताबाईच्या समाधिस्थानाकडे येणाऱ्या वारकऱ्यांची पाऊलवाट या भूमीला फार जुनी आहे. सुरतेजवळच्या हजीऱ्याहून निघून धुळें, जळगांव, भुसावळ या गांवांवरून पूर्वेस कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग त्या मानानें अगदीं अलीकडचा. पूर्वीं त्याचा क्रमांक ६ होता. नव्या व्यवस्थेंत या भागांत तो ५३ झाला. या रस्त्यावर केळीं भरलेल्या मालमोटारी धांवतात, लहानमोठ्या प्रवासी मोटारी धांवतात, आणि शेतरस्त्यावरून एखादी बैलगाडीही त्यालाच येऊन मिळते.

चाकें या सर्वांनाच आहेत. परंतु बैलगाडीचें चाक व मोटारीचें चाक यांत एक मूलभूत भेद आहे. बैलगाडींत चाक ओढलें जातें. मोटारींत तें फिरविलें जातें. या लहानशा भेदांतून असा एक प्रश्न निर्माण झाला कीं, त्याचें पुरतें उत्तर मिळण्यास अडीचशें वर्षें लागलीं. फिरता दांडा वांकवावा कसा, आणि वांकूनही त्याची गति अखंड कशी राखावी, हा तो प्रश्न. त्याचें उत्तर म्हणजे पुढच्या चाकांना गति देणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या पोटाखालीं असलेला, मुठीएवढा एक पोलादी सांधा. कारखान्याच्या भाषेंत त्याला सी. व्ही. जॉइंट म्हणतात; मराठींत त्याला समवेगी सांधा म्हणतां येईल. हा सांधा झिजला म्हणजे मोटार बोलूं लागते, आणि तिचें बोलणें ज्याला समजलें नाहीं त्याची गाडी एखाद्या वळणावर उभी राहते. म्हणून या सांध्याचा इतिहास केवळ यंत्रशास्त्रज्ञांच्या कौतुकाचा विषय नाहीं.

बैलगाडीचा आंस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोंवतीं मोकळें फिरतें. वळण घेतांना आंतल्या बाजूचें चाक कमी फिरतें, बाहेरचें अधिक फिरतें. दोघांचें एकमेकांशीं कांहीं देणेंघेणें नसतें. बैल वळले, जूं वळलें, कीं मागोमाग सारी गाडी वळते. गाडीवानाला काळजी एवढीच कीं, तुंब्यांत वंगण राहिलें पाहिजे आणि त्यांत माती शिरतां कामा नये. मोटारीचें तसें नाहीं. तिचें इंजिन सांगाड्यावर एका जागीं बसविलेलें असतें, तर चाकें खांचखळग्यांप्रमाणें क्षणोक्षणीं वरखालीं होत असतात. इंजिन आणि चाक यांमधला दांडा एका सरळ रेषेंत ठेवणें शक्यच नसतें. आरंभीच्या पुष्कळ मोटारींत ही अडचण सायकलीसारख्या सांखळ्या लावून भागविली जाई. पण उघड्या सांखळीवर धूळ बसे, ती खडखडे, ताणली जाई आणि शेवटीं तुटे.

वांकणाऱ्या सांध्याची कल्पना मात्र मोटारीहून कितीतरी जुनी आहे. सोळाव्या शतकांत इटलींत कार्डानो नांवाचा वैद्य व गणिती होऊन गेला (१५०१–१५७६). एकांत एक बसविलेल्या कड्यांमध्यें एखादी वस्तु अशी टांगावी कीं, बाहेर कितीही हेलकावे बसले तरी ती स्थिर राहावी, अशा रचनेचें वर्णन त्यानें केलें. रचना त्याच्याही पूर्वींची होती. पण नांव त्याचें चिकटलें, आणि युरोपांत आजही वांकत्या दांड्याला ‘कार्डन’ म्हणतात. हीच कल्पना फिरत्या दांड्याला लावून तिचें नीट वर्णन इंग्लंडांतील रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यानें १६७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत केलें. त्याला मोटार ठाऊक असणें शक्यच नव्हतें. सूर्याचें निरीक्षण करण्याच्या व तत्सम उपकरणांच्या विवेचनांत त्यानें हा सांधा मांडला. दोन दांड्यांच्या टोकांना दोन द्विदल कांटे आणि त्यांच्यामध्यें अधिक-चिन्हासारखा एक तुकडा, एवढीच त्याची रचना. महामार्गावरच्या कोणत्याही गॅरेजांत ‘क्रॉस’ म्हणून जो भाग मागितला जातो, तो हाच.

हुकच्या सांध्यांत एक दोष आहे, आणि तो कारागिरीचा नसून भूमितीचा आहे. समजा, गति देणारा दांडा मिनिटास १०० फेरे या अगदीं स्थिर वेगानें फिरत आहे, आणि सांध्यापाशीं ३० अंशांचा बांक आहे. गति घेणारा दांडाही मिनिटास १०० फेरेच पुरे करील. परंतु प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां त्याचा वेग सुमारें ११५ पर्यंत चढेल आणि दोन वेळां सुमारें ८७ पर्यंत उतरेल. हिशेबाच्या अखेरीस शिल्लक जुळते, पण वाटेंत उधळपट्टी आणि काटकसर यांची सारखी ओढाताण चालू असते. बांक जितका अधिक, तितकी ही ओढाताण अधिक. १० अंशांच्या बांकाला वेगाचा चढउतार जेमतेम दीड टक्क्याचा असतो व तो खपून जातो. ३० अंशांना तो दांडा, दांते आणि चालक या सर्वांनाच जाणवतो.

या दोषावर एक उपायही त्याच भूमितींत होता. एका सांध्यानें वेगांत जी लाट उठविली, तीच दुसऱ्या सांध्यानें उलट बाजूनें मोडतां येते. मात्र दोन्ही सांध्यांचे बांक सारखे हवेत आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे कांटे एकाच पातळींत हवेत. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसर या तरुणानें मोटारीसाठीं बंदिस्त, वंगण राखणारा असा सांधा तयार केला, १९०३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें आणि १९०४ पासून तो विकण्यास आरंभ केला. सांखळीचे दिवस तेव्हांपासून भरत आले. पुढें इंजिन, मागें फिरतीं चाकें आणि मधून जाणारा लांब दांडा, ही मोटारीची सर्वमान्य घडण झाली. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी मोटारी याच घडणीच्या होत्या. खानदेशांतून केळीं वाहणाऱ्या मालमोटारी अजूनही याच घडणीच्या असतात. म्हणूनच लांब दांडा उतरविण्यापूर्वीं जाणता मेकॅनिक त्याच्या जोडावर खडूची किंवा छिन्नीची खूण करून ठेवतो. दांडा परत बसवितांना ती खूण एखाददुसऱ्या दांत्यानें जरी चुकली, तरी कांट्यांची पातळी बिघडते, एक लाट दुसरीला मोडीनाशी होते आणि नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते.

मागच्या चाकांचें भागलें. पुढच्या चाकांचें कांहीं केल्या भागेना. पुढच्या चाकाकडे दोन कामें असतात. त्याला खड्ड्यांत खालींवर व्हावें लागतें, आणि त्याशिवाय चालकाच्या हाताबरोबर डावीउजवीकडे वळावेंही लागतें. पुरतें वळण घेतांना त्याच्या सांध्याचा बांक तीस-चाळीस अंशांपर्यंत जातो. तेथें हुकचा एकच सांधा लावला तर चालकाच्या हातांतलें चक्र वळणावर झटके देऊं लागतें, आणि लाट मोडण्यासाठीं दोन सांधे लावावे तर चाकाजवळ तेवढी जागा नसते. बांक कितीही असो, वेग तोच राहिला पाहिजे, आणि तोही एकाच सांध्यांत, अशी आतां मागणी होती.

ही कोंडी प्रथम फुटली ती शर्यतीच्या मैदानावर. फ्रान्समध्यें पिएर फेनाय व झां-आल्बेर ग्रेग्वार या दोघा मित्रांनीं १९२६ च्या सुमारास एक नवा सांधा तयार केला व त्याला ‘ट्राक्टा’ हें नांव दिलें. त्यांत एकमेकांत सरकणारे पोलादी ठोकळे अशा रीतीनें बसविले होते कीं, दोन सांध्यांचें काम एकाच मुठीच्या जागेंत व्हावें. कागदावरची युक्ति लोकांना पटत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं आपल्या सांध्यावर चालणारी ठेंगणी स्पोर्ट्स मोटार बांधली आणि १९२७ सालीं ती ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत उतरविली. स्वतः ग्रेग्वार ती चालविणाऱ्यांपैकीं होता. मोटार शेवटपर्यंत धांवत राहिली. दिवस आणि रात्र, शेंकडों वळणें, आणि प्रत्येक वळणावर त्या सांध्याची परीक्षा! चोवीस तासांनीं पुढच्या चाकांना गति देण्याची कल्पना हास्यास्पद राहिली नव्हती.

त्याच काळांत अमेरिकेंत आल्फ्रेड झेप्पा या यंत्रज्ञानें याच प्रश्नाचें अधिक सुबक उत्तर काढलें. आज जगांत सर्वत्र रूढ आहे तें झेप्पाचें उत्तर. एका पोलादी वाटींत आंतून सहा वक्र खांचा असतात. वाटीच्या आंत बसणाऱ्या गोलाकार गाभ्यावरही बाहेरून तशाच सहा खांचा असतात. प्रत्येक जोडींत एक, अशा सहा पोलादी गोळ्या त्यांत बसतात, आणि त्या सर्वांना एका पातळींत धरून ठेवणारा एक पिंजरा असतो. दांडा कसाही वांकला तरी खांचांची वक्रता गोळ्यांना नेमक्या त्या पातळींत नेऊन ठेवते, जी दोन दांड्यांमधल्या कोनाचे दोन सारखे भाग करते.

या पातळीचें महत्त्व उसाच्या चरकावरून ध्यानांत येईल. चरकाच्या शेजारशेजारच्या दोन लाटा सारख्या जाडीच्या असल्या म्हणजे सारख्याच वेगानें फिरतात. कारण त्या जेथें एकमेकींना भिडतात, तें ठिकाण दोघींच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतें. एक लाट जाड आणि दुसरी बारीक असती तर वेगांत फरक पडला असता. झेप्पाच्या सांध्यांतही तेंच होतें. गोळी ही दोन दांड्यांची भेटण्याची जागा, आणि ती दोन्ही दांड्यांच्या मध्यरेषांपासून नेहमीं सारख्याच अंतरावर राहते. त्यामुळें एका दांड्याला दुसऱ्याहून जलद किंवा मंद फिरण्यास वावच उरत नाहीं. हुकच्या सांध्यांत वेगाचा हिशेब फेऱ्याच्या अखेरीस जुळे. झेप्पाच्या सांध्यांत तो क्षणोक्षणीं जुळतो.

शर्यतींत सिद्ध झालेली युक्ति युद्धानें सर्वदूर पोंचविली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलीज व फोर्ड कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बांधल्या. चिखलांतून जातांना जीपचीं चारही चाकें फिरत, आणि पुढचीं चाकें फिरत असतांनाच वळतही. त्या घाईच्या काळांत एकाच कारखान्याचे सांधे पुरेनात. म्हणून कोणत्या जीपला झेप्पाचा सांधा, कोणत्या जीपला ट्राक्टाचा, तर कोणत्या जीपला बेंडिक्स किंवा स्पायसर यांचा, असें चार प्रकारचें साहित्य वापरलें गेलें. १९४७ पासून मुंबईंतील महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी करण्याचा उद्योग हातीं घेतला आणि माझगांवांतून जीप गाड्या देशभर जाऊं लागल्या. वळणाऱ्या चाकाला गति देणारा सांधा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत प्रथम आला तो बहुतांशीं जीपच्या पुढच्या आंसांत दडून.

सामान्य माणसाच्या मोटारींत तो येण्यास मात्र आणखी वेळ लागला. १९५९ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस यानें ‘मिनी’ ही चिमुकली मोटार आणली. इंजिन आडवें ठेवून, मधला लांब दांडा अजीबात काढून टाकून, त्यानें वांचविलेली सारी जागा माणसांना दिली. हें शक्य झालें तें चाकाजवळ बसविलेल्या झेप्पा पद्धतीच्या सांध्यांमुळें. डिसेंबर १९८३ मध्यें भारतांत मारुति ८०० आली तीही याच घडणीची. डिसेंबर १९९८ मध्यें पुण्याच्या टाटा कारखान्यानें इंडिका पुढें आणली. तिचींही पुढचींच चाकें फिरत. तीस चाळीस वर्षांपूर्वीं ज्या गांवांत क्रॉसखेरीज दुसरा सांधा कोणी पाहिला नव्हता, तेथल्या गॅरेजांत सी. व्ही. जॉइंट हा रोजच्या बोलण्यांतला शब्द झाला.

याच सुमारास या इतिहासांत एक मौजेचा योग घडून आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यांत सॅन मोटर्स या कंपनीनें ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार काढली. तिचें शरीर फायबरकांचेचें होतें, आणि रेनो या फ्रेंच कंपनीचें ११४९ घनसेंटिमीटरचें इंजिन तिच्या पुढच्या चाकांना गति देई. फ्रेंच स्पोर्ट्स मोटारींत ज्या विचाराची कसोटी लागली होती, तोच विचार सत्तर वर्षांनीं गोव्याच्या वळणांवर स्पोर्ट्स मोटारीच्याच रूपानें उतरला. सॅन स्टॉर्म थोड्या निघाल्या आणि तिचें उत्पादन कधींच थांबलें. अशा जुन्या, विरळ मोटारीचें आयुष्य त्यानंतर कारखान्याच्या हातीं राहत नाहीं. तें मालकाच्या लक्षावर आणि मेकॅनिकच्या कानावर अवलंबून असतें. आणि त्या दोघांची गांठ बहुधा प्रथम पडते ती या सांध्याच्या निमित्तानें.

सांधा सहसा आपणहून मरत नाहीं. त्याच्यावर भात्यासारखा घड्याघड्यांचा एक रबरी बूट असतो. त्या बुटांत काळें ग्रीस भरलेलें असतें. त्यांत बहुधा मॉलिब्डेनमचें संयुग मिसळलेलें असतें. बूट शाबूत असेपर्यंत आंतलें पोलाद वर्षानुवर्षें टिकतें. पण रबर उन्हानें कडक होतें, आणि जळगांव जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो. प्रत्येक वळणावर ताणल्या जाणाऱ्या घडीच्या तळाशीं प्रथम केंसासारखी चीर पडते. मग फिरत्या दांड्याच्या वेगानें ग्रीस बाहेर उडतें, आणि त्याच वाटेनें काळ्या मातीची धूळ व पावसाळ्याचा चिखल आंत शिरतो. ग्रीस आणि वाळू यांचें मिश्रण म्हणजे धार लावण्याचा लेपच. गोळ्या आणि खांचा यांना तो रात्रंदिवस घांसूं लागतो. थोडक्या किंमतीचा बूट वेळेवर न बदलल्यानें अनेक पटींनीं महाग सांधा हातचा जातो.

म्हणून रोगाची पहिली खूण कानाला नव्हे, डोळ्यांना दिसते. चाकाच्या आंतल्या अंगाला, रिमवर आणि आसपासच्या भागांवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले, तर बूट फाटला असें समजावें. दुसरी खूण आवाजाची. मोकळ्या मैदानांत गाडी पुरत्या वळणावर सावकाश गोल फिरवावी आणि किंचित वेग द्यावा. चाकाजवळून तालबद्ध ‘कट् कट्’ असा आवाज आला आणि तो वेगाबरोबर जलद झाला, तर बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा सांधा झिजलेला असतो. गोळ्यांनीं आपापल्या खांचांत केलेल्या खळग्यांचा तो आवाज होय. प्रत्येक दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, गिअरपेटीकडे, आंतला सांधा असतो. तो फारसा वांकत नाहीं, पण चाक वरखालीं होतांना दांड्याची लांबी जुळविण्यासाठीं आंतबाहेर सरकतो. तो झिजला तर वळणावर कटकट होत नाहीं. सरळ रस्त्यावर जोर देतांना गाडी थरथरते, आणि जोर देण्याघेण्याच्या क्षणीं ‘ठक्’ असा एकच आवाज येतो.

येथें घाई करणारा फसतो. चाकाचें बेअरिंग बिघडलें तर घूं घूं असा सततचा आवाज येतो व तो सरळ रस्त्यावरही थांबत नाहीं. इंजिनाचे रबरी ठोकळे फाटले तरी ‘ठक्’ होतें. खालच्या दांडीचा गोलसांधा सैल झाला तर खड्ड्यांत खडखड होते. कोणत्या बाजूच्या वळणावर आवाज वाढतो, ही सूचना आहे, निकाल नव्हे. निकाल गाडी उचलून, दांडा हातांत धरून, तो मागेंपुढें पिळून त्यांत किती मोकळीक आहे हें पाहिल्यावरच द्यावा. आवाज ऐकल्याबरोबर दोन्ही दांडे बदला असें सांगणारा मेकॅनिक भाग बदलतो; आधीं ऐकतो, मग पाहतो, मग हात लावतो, तो रोग बरा करतो.

बदलण्याचें कामही क्रमानें केलें तरच साधतें. चाकाच्या मध्यावरचा मोठा नट अतिशय घट्ट असतो. तो गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावा लागतो, नाहीं तर चाकच फिरूं लागतें. मग दुसऱ्या चाकांना अडणी लावून, गाडी उचलून, भक्कम घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखालीं कोणी शिरूं नये. चाक काढलें, खालचा गोलसांधा सोडविला, कीं चाकाचा तुंबा बाहेर ओढून दांडा त्यांतून निसटतो. बहुतेक गाड्यांत आंतलें टोक गिअरपेटींतून बाहेर येतांना तेल सांडतें. त्याची सोय आधींच करावी. बाहेरचा सांधा दांड्यावर लहानशा पोलादी कड्यानें अडकलेला असतो. तें कडें सोडवून, मऊ हातोडीनें ठोकून सांधा उतरवितात.

सांधा धुऊन कोरडा केल्यावर खरी परीक्षा होते. खांचांना चकाकी असणें हा दोष नव्हे. ती वापराची खूण आहे. परंतु बोटाच्या नखाला लागणारी पायरी, खड्डे किंवा पापुद्रे दिसले तर तो सांधा पुन्हां घालण्यांत अर्थ नाहीं. गोळ्या, पिंजरा आणि गाभा हे एकमेकांच्या मापानें जुळविलेले असतात. म्हणून चांगला सांधा केवळ साफ करून परत जोडतांनाही प्रत्येक गोळी आपल्या मूळ खांचेंतच गेली पाहिजे. जुन्या मागील-इंजिनाच्या कांहीं जर्मन स्पोर्ट्स मोटारींत आणखी एक युक्ति चालते. पुढें जातांना गोळ्यांचा जोर खांचेच्या एकाच बाजूवर पडतो. डावा व उजवा दांडा यांची अदलाबदल केली तर तो जोर न झिजलेल्या बाजूवर येतो आणि सांध्याला आणखी कांहीं हजार मैलांचें आयुष्य लाभतें. अर्थात् दोन्ही दांडे सारख्या लांबीचे असले तरच हें शक्य.

ज्या मोटारीचें उत्पादन थांबलें आहे, तिच्या सांध्यासाठीं नांव घेऊन दुकानांत जाण्यानें भागत नाहीं. दांड्याच्या दोन्ही टोकांवरच्या दांत्यांची संख्या, दांड्याची जाडी, नटाच्या आट्यांचें माप आणि बुटाच्या दोन्ही तोंडांचे व्यास हीं मापें मोजून कागदावर घ्यावीं लागतात. मग पुष्कळदां दुसऱ्याच गाडीच्या नांवानें विकला जाणारा भाग तंतोतंत बसतो. नवा सांधा बसवितांना ग्रीस पुडींत दिलें असेल तेवढें सर्व भरावें, कडें आणि नट नवे घ्यावे, बुटाची पट्टी घट्ट करावी, आणि मोठा नट कारखान्यानें सांगितलेल्या जोरानें, गाडी जमिनीवर टेकल्यावर आवळावा.

इतकें सारें एका मुठीएवढ्या वस्तूसाठीं कां, असें वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर सांधा तुटला म्हणजे मिळतें. एका बाजूचा सांधा तुटला कीं डिफरेन्शियलमधून सारी गति त्याच मोकळ्या बाजूला वाहून जाते. दुसऱ्या बाजूचें धडधाकट चाकही जागचें हलत नाहीं. इंजिन गर्जत असतें, गिअर पडलेला असतो, आणि गाडी उभी! तीच गाडी उतारावर असली तर केवळ गिअरच्या भरंवशावर ती थांबतही नाहीं. हातब्रेक तेवढा आधार उरतो. भर दुपारीं महामार्गावर, मागून मालमोटारी येत असतांना, ही स्थिति प्राणावर बेतूं शकते. पंधरवड्यापूर्वीं वळणावर ऐकूं आलेली कटकट हा तिचाच निरोप होता.

सूर्याच्या निरीक्षणांतून निघालेली एक कल्पना, एका विद्यार्थ्याचें पेटंट, दोन मित्रांची शर्यत, सहा गोळ्यांची भूमिति, एक महायुद्ध आणि सामान्य कुटुंबाची लहान मोटार, एवढ्या टप्प्यांवरून हा सांधा तापी-पूर्णेच्या कांठच्या रस्त्यापर्यंत आला. त्याची बुद्धि जगभरच्या लोकांची आहे. पण त्याला जिवंत ठेवण्याचा नियम या भूमीला परका नाहीं. वंगण आंत राहिलें पाहिजे आणि माती बाहेर राहिली पाहिजे, हें बैलगाडीच्या तुंब्याजवळ बसून येथल्या माणसानें फार पूर्वींच जाणलें होतें.